आई आमचीच, पण पुरावा कुठे?

२०२१ सालच्या ऑगस्ट महिन्यात एका सकाळी ताईचा अमेरिकेतून फोन आला. "मला इकडचे नागरिकत्व मिळाले. आता आईला कायमचे आणण्यासाठी अर्ज करता येतो. तुम्ही कागद गोळा करायला लागा," असे ती म्हणाली. आम्हां सर्वांना आनंद झाला. कागद म्हणजे काय, तर आधार कार्ड, राशन कार्ड, दोन फोटो. आठ दिवसांचे काम, असे आम्ही धरून चाललो. प्रत्यक्षात त्या कामाला तीन वर्षे लागली. त्या तीन वर्षांत आम्ही जे शिकलो ते आपल्यासारख्या कष्टकरी कुटुंबांच्या उपयोगी पडेल, म्हणून हे लिहीत आहोत.

आधी आमच्याविषयी थोडे. आम्ही चार भावंडे. सर्वांत मोठी ताई, मग दोन भाऊ आणि एक धाकटी बहीण. वडील चंद्रपूरजवळच्या कोळसा खाणीत कामाला होते. ते २०१४ साली वारले. आईचे माहेर वैनगंगेच्या पलीकडचे, आज गडचिरोली जिल्ह्यात असलेले एक खेडे. लग्नाआधी आणि लग्नानंतरही काही वर्षे तिने रोवणी केली, तेंदूपत्ता तोडला, मोहफुले वेचली. वडिलांना खाणीत काम मिळाले तेव्हा ती चंद्रपूरला आली. ताई शिकली. २००४ साली तिचे लग्न झाले आणि भाऊजींच्या नोकरीमुळे दोघे न्यू जर्सीला गेले. ताईची दोन्ही बाळंतपणे तिकडेच झाली. त्या वेळी आईकडे पासपोर्टही नव्हता. ताई फोनवर रडायची आणि आई इकडे स्वयंपाकघरात तोंड फिरवून उभी राहायची.

आता कायदा काय आहे ते सांगतो, कारण पुष्कळ लोकांचा यात गैरसमज असतो. मुलगा अमेरिकेत नोकरीला लागला की आईवडिलांना, भावाबहिणींना बोलावता येते, असे आपल्याकडे समजतात. तसे नाही. ज्याच्याकडे नुसते ग्रीन कार्ड आहे त्याला आईवडिलांसाठी किंवा भावंडांसाठी अर्ज करता येत नाही. त्यासाठी तिथला नागरिक व्हावे लागते आणि वय २१ वर्षे पूर्ण असावे लागते. नागरिक झाल्यावरही नात्यांच्या दोन रांगा आहेत. नवरा किंवा बायको, २१ वर्षांच्या आतील अविवाहित मुले आणि आईवडील ही जवळची नाती. त्यांच्यासाठी वर्षाला किती व्हिसा द्यायचे याला मर्यादा नाही. भावंडांची रांग वेगळी. सगळ्या जगातील भावाबहिणींसाठी मिळून वर्षाला सुमारे ६५,००० व्हिसा आणि त्यातही कोणत्याही एका देशाच्या वाट्याला किती जायचे यावर बंधन. भारतातून अर्ज करणारे पुष्कळ, म्हणून आपली रांग लांब. २०२५ साली या रांगेत २००६ साली अर्ज केलेल्या भारतीयांची पाळी चालू होती. आमच्यातला धाकटा भाऊ उत्साहाने म्हणाला, "ताई, माझाही फॉर्म भरून टाक." मग आम्ही बोटावर हिशेब केला. तो तेव्हा ३९ वर्षांचा होता. पाळी येईल तेव्हा साठीच्या घरात असेल, आणि आज प्राथमिक शाळेत असलेली त्याची मुलगी २१ च्या पुढे जाऊन बापाच्या अर्जातून बहुधा गळालेली असेल. त्याने पुन्हा तो विषय काढला नाही.

तरीही हे दार उघडे आहे हेच नवल मानले पाहिजे. बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले आणि १९१६ साली तिथून लंडनला गेले. त्याच्या पुढच्याच वर्षी, १९१७ साली, अमेरिकेने कायदा करून भारतासकट आशियाच्या मोठ्या भागातील लोकांना तिथे स्थायिक होण्यास बंदी केली. १९२३ साली भगतसिंग थिंड नावाच्या गृहस्थांचा खटला तिथल्या सर्वोच्च न्यायालयात गेला. नागरिकत्व तेव्हा गोऱ्यांना मिळत असे, म्हणून आपण उच्चवर्णीय, शुद्ध आर्य रक्ताचे, अतएव गोरे आहोत, असा त्यांच्या बाजूने युक्तिवाद करण्यात आला. न्यायालयाने तो फेटाळला. आपल्या देशातली जातीची उतरंड सातासमुद्रापलीकडे पुरावा म्हणून नेली गेली आणि तिथे ती चालली नाही! पुढे १९४६ साली भारतीयांना नागरिकत्वाचा हक्क मिळाला, पण वर्षाला अवघ्या १०० माणसांना प्रवेश देण्याचे ठरले. १९६५ सालच्या कायद्याने देशानुसार ठरवलेले ते जुने कोटे काढून टाकले आणि कुटुंबाच्या नात्याला मान दिला. ताईचा अर्ज त्याच वाटेने जाणार होता.

ताईने २०२१ च्या अखेरीस अर्ज भरला. सरकारी फी त्या वेळी ५३५ डॉलर होती. २०२४ पासून ती वाढली आहे. अर्जासोबत दोन गोष्टी सिद्ध करायच्या होत्या. एक, ताई तिथली नागरिक आहे. ते सोपे होते. दुसरी, आई ही ताईची आई आहे. इथे आमचे पाय अडकले.

ताईचा जन्म १९७९ च्या जुलै महिन्यातला. पहिले बाळंतपण म्हणून आई माहेरी गेली होती. धानाची रोवणी चालू होती, वैनगंगेला पूर होता आणि सुईण म्हणून आईची आईच होती. जन्माची नोंद करायला कोण जाणार? जन्ममृत्यू नोंदणीचा १९६९ चा कायदा महाराष्ट्रात १ एप्रिल १९७० पासून लागू झाला होता, पण आमच्या आजीला त्याची काय खबर! ताईची नोंद झाली ती २००४ साली, लग्नानंतर पासपोर्टसाठी, दंडाधिकाऱ्यांचा आदेश घेऊन. म्हणजे जन्मानंतर २५ वर्षांनी. त्या दाखल्यावर आईचे नाव माहेरच्या हाकेचे लागले. आधार कार्डावर सासरचे नाव, त्यापुढे 'बाई'. निवडणूक ओळखपत्रावर 'बाई' नाही. राशन कार्डावर तिसरेच काही. एकाच बाईच्या तीन बाया झाल्या होत्या.

आईच्या जन्मतारखेचीही तीच गत. आधार कार्डावर १ जानेवारी १९५२. हे वाचणाऱ्या पुष्कळ घरांत म्हाताऱ्या माणसांचा वाढदिवस असाच १ जानेवारीला येत असेल. आईला विचारले तेव्हा ती म्हणाली, "दीक्षेच्या वेळी माझे दुधाचे दात पडून रायले होते." १६ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी चांद्याला धम्मदीक्षा दिली, तेव्हा ती आज्यासोबत बैलबंडीने आली होती. गर्दीत आज्याने तिला खांद्यावर घेतले होते एवढे तिला आठवते. म्हणजे तिचा जन्म १९४९ च्या आसपासचा असला पाहिजे. पण आठवण म्हणजे कागद नव्हे.

फॉर्ममध्ये आणखी एक रकाना होता, जन्मस्थानाचा. गाव, जिल्हा, राज्य, देश. दिसायला साधा. आई जन्मली तेव्हा ते गाव चांदा जिल्ह्यात आणि मध्यप्रांत व वऱ्हाडात होते. १९५० साली तो प्रांत मध्यप्रदेश झाला. १ नोव्हेंबर १९५६ ला आमचा भाग मुंबई राज्यात आला. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. चांद्याचे चंद्रपूर झाले. २६ ऑगस्ट १९८२ ला गडचिरोली जिल्हा वेगळा झाला आणि गाव तिकडे गेले. गाव जागचे हलले नाही, विहीर तीच, वडाचे झाड तेच. पण कागदावर त्याने चार राज्ये आणि दोन जिल्हे पाहिले. जुन्या कागदात एक जिल्हा आणि नव्यात दुसरा असेल तर दूरदेशीचा अधिकारी म्हणणार, ही दोन गावे आहेत. शेवटी आजचा जिल्हा, आजचे राज्य लिहून सोबत एका पानाचा खुलासा जोडला.

आईचा जन्मदाखला मिळणे शक्यच नव्हते. १९७० च्या आधी जन्मलेल्या माणसांच्या बाबतीत नोंद उपलब्ध नसल्याचा दाखला आणि सोबत दुसरे पुरावे चालतात, असे ताईने वाचून सांगितले. दुसरे पुरावे कोणते? आई शाळेत गेली नव्हती, म्हणून टी.सी. नाही. तेव्हा आमच्यातल्या थोरल्याला आपल्या मुलाच्या जात पडताळणीची आठवण झाली. आपल्या समाजात ही धावपळ कोणाला चुकली आहे? अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात आणि आमच्या विदर्भात त्यासाठी लोक कोतवाल बुकाची नक्कल काढतात. इंग्रजांच्या काळापासून गावचा कोतवाल जन्ममृत्यूची खबर ठाण्यावर पोहोचवीत असे. ते काम आमच्या भागात पुष्कळ ठिकाणी महारांकडेच होते. आईचा आजा त्या गावचा कोतवाल होता.

मग सुरू झाल्या चकरा. जिल्ह्याची वाटणी झालेली, म्हणून एका कचेरीत गेलो की ते दुसरीकडे पाठवीत आणि दुसरीकडचे पहिलीकडे. नकला काढणाऱ्यांची गर्दी तर नेहमीचीच. कोणी पडताळणीसाठी आलेले, कोणी जंगलातल्या जमिनीच्या दाव्यासाठी. वनहक्क कायद्यात आदिवासी नसलेल्या माणसाला तीन पिढ्यांचा, ७५ वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. त्यासाठी एक म्हातारे गृहस्थ कापडात बांधलेले कागद छातीशी धरून बसलेले आम्ही दोनदा पाहिले. एका कचेरीत खिडकीपलीकडचे साहेब आमचा अर्ज वाचून हसले आणि म्हणाले, "तुमच्यातलेही जायला लागले का अमेरिकेला?" आम्ही उत्तर दिले नाही. काम आमचे होते. पण घरी आल्यावर त्या रात्री कोणी नीट जेवले नाही.

सातव्या चकरेला बुक सापडले. पाने पिवळी, कडा वाळवीने खाल्लेल्या. १९४९ च्या फेब्रुवारीत आईच्या वडिलांचे नाव होते. पुढे जात: महार. पुढे: एक मुलगी. बस. मुलीचे नाव नाही. आणखी मागे चाळले तर १९४५ साली त्याच बापाच्या नावापुढे एक मुलगी, आणि १९४७ सालीही एक मुलगी. १९४५ ची म्हणजे आमची मावशी. मग १९४७ ची कोण? आईला विचारले तर ती बराच वेळ गप्प राहिली. "माझ्या वरची होती. दोन महिन्यांत गेली म्हणे. माय तिचं नाव नाही घेत होती." आमची एक मावशी होऊन गेली हे आम्हांला पंचाहत्तर वर्षांनी अमेरिकेच्या व्हिसामुळे कळले.

आज्याला लिहिता येत नव्हते. गावच्या मास्तरांकडून तो लिहून घेई आणि बुक बगलेत मारून पायी ठाण्यावर जाई. साऱ्या गावाची लेकरे त्याने त्या बुकातून सरकारदरबारी पोहोचवली. त्याच्या स्वतःच्या तीन नाती मात्र त्यात बिननावाने बसल्या आहेत. जात लिहायला कोणी विसरले नाही. नाव तेवढे लिहायचे राहिले. त्या पानाने जात सांगितली, पण आईचे नाव सांगितले नाही.

आता उरली साक्ष. ताईच्या जन्माच्या वेळी हजर असलेले आणि आजही जिवंत असलेले माणूस एकच, ती म्हणजे मावशी. वय ७७, गाव तेच. आम्ही दोघे भाऊ स्टॅम्प पेपर आणि वकिलाने टाइप करून दिलेला मजकूर घेऊन नदी ओलांडून गेलो. मावशी अंगणात मोहफुले वाळत घालीत होती. तिला सगळे वाचून दाखवले: अमुक दिवशी, अमुक गावी, माझ्या समक्ष, माझ्या बहिणीच्या पोटी. मावशी ऐकत राहिली आणि म्हणाली, "काहून रे बाप्पा, तुमच्या आईले तिची पोरगी वळखत नाही काय? आई आहे हे सांगाले कागद लागते?" आम्ही म्हणालो, "मावशी, सरकारला लागते." ती म्हणाली, "लिहा मंग. त्या राती कंदील मी धरला होता हेही लिहा." वकिलाच्या मजकुरात कंदील नव्हता. थोरल्याने म्हटले, राहू दे. धाकटा म्हणाला, नाही, ती सांगते तसेच लिहायचे. दुसऱ्या दिवशी मजकूर पुन्हा टाइप झाला, त्यात कंदील आला, पूर आला, रोवणी आली. मग तालुक्याच्या गावी नोटरीपुढे मावशीने अंगठा लावला. त्यानंतर सात महिन्यांनी मावशी वारली. आम्ही आणखी एक पावसाळा थांबलो असतो तर ती साक्ष तिच्याबरोबरच गेली असती.

पुढची हकिकत थोडक्यात सांगतो. आईचा पासपोर्ट नागपूरहून झाला. त्यासाठी आधी सर्व कागदांवर एकच नाव आणि एकच जन्मतारीख करून घ्यावी लागली; राजपत्रात नावाची जाहिरात द्यावी लागली. ताईचा अर्ज मंजूर झाल्यावर वडिलांचा मृत्यूचा दाखला, आईचे पोलीस क्लिअरन्स आणि ताई-भाऊजींच्या उत्पन्नाचे हमीपत्र गेले. बोलावणारा माणूस आईवडिलांना पोसू शकतो हे दाखवावे लागते. त्याचे उत्पन्न तिथल्या दारिद्र्यरेषेच्या सव्वापट असावे लागते. २०२४ च्या एप्रिलमध्ये मुलाखतीसाठी मुंबईला बोलावणे आले. सरकारने ठरवून दिलेल्या डॉक्टरांकडे तपासणी झाली. मुलाखतीच्या दिवशी आई वांद्रे-कुर्ला संकुलातील वकिलातीत एकटी आत गेली आणि आम्ही बाहेर रस्त्यावर उभे राहिलो. तिच्या बोटांचे ठसे उमटायला वेळ लागला, असे तिने नंतर सांगितले. रोवणीने आणि भांड्यांनी बोटे गुळगुळीत झालेली.

मराठीतून प्रश्न विचारले. मुले किती, मुलगी काय करते, तिकडे कोणाकडे राहणार. मुलीची जन्मतारीख विचारली तेव्हा आईने पुराची आणि रोवणीची गोष्ट सांगितली. मावशीच्या शपथपत्रातही तेच होते. तरी जन्माची नोंद २५ वर्षे उशिराची आणि दाखल्यावर नाव वेगळे. दोष कागदांचा होता, कोणा माणसाचा नव्हता. अशा वेळी नियमाप्रमाणे जे सुचवतात तेच सुचवले गेले: मायलेकींची डीएनए तपासणी करून घ्यावी. खर्च बोलावणाऱ्याचा. मान्यताप्राप्त प्रयोगशाळा ताईने तिकडे निवडायची, आईचा नमुना इकडे नेमलेल्या ठिकाणी घ्यायचा आणि निकाल परस्पर वकिलातीकडे जायचा. नाते किमान ९९.५ टक्के खात्रीने जुळले पाहिजे.

आम्हांला हे फार लागले. आमच्यातला थोरला तर म्हणाला, "नको तो व्हिसा. आईची परीक्षा घेतात काय?" शेजारीपाजारी कळले तर काय म्हणतील, याचीही धास्ती होती. आईला कसे सांगावे याची दोन दिवस चर्चा झाली. शेवटी धाकट्या बहिणीने सांगितले की गालाच्या आतून कापसाच्या काडीने थुंकी घेतात आणि त्यावरून कळते. आई म्हणाली, "एवढंच? मंग देतो ना. एवढ्या कचेऱ्या फिरल्या, कागद कमी पडले. थुंकी तर कमी नाही पडाची!" आम्ही सगळे हसलो आणि मनावरचे ओझे उतरले. आठ-दहा आठवड्यांनी निकाल गेला. नाते जुळले. त्या तपासणीच्या कागदावर नाव होते, नाते होते, टक्के होते. जातीचा रकाना नव्हता. आईला ते वाचून दाखवले तेव्हा तिने तो कागद हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि म्हणाली, "आज्याच्या बुकात हे असतं तं बरं झालं असतं."

ऑगस्टमध्ये व्हिसा लागलेला पासपोर्ट घरी आला. पेढे वाटले. आणि त्याच रात्री घरात भांडण झाले. थोरला म्हणाला, आई आहे म्हणून हे घर आहे. ती गेली की आपण कुठे जमायचे? धाकटी म्हणाली, तुम्ही वीस वर्षे आई जवळ ठेवली, आता ताईची पाळी. धाकट्याला वडिलांच्या पेन्शनीची आणि दरवर्षीच्या हयातीच्या दाखल्याची चिंता. ताई फोनवर होती, तिने तर आईसाठी खोलीही तयार केली होती. आवाज चढले. तेव्हा वहिनी हळूच म्हणाल्या, "आईंना विचारलं का कोणी?"

वाचकहो, लाज वाटते पण खरे सांगतो. तीन वर्षांत सात कचेऱ्या, दोन वकील, एक नोटरी आणि दोन सरकारे यांना आम्ही विचारत फिरलो. आईला कायमचे जायचे आहे का, हे आम्ही तिला एकदाही विचारले नव्हते. ताईनेही नाही, आम्हीही नाही.

आई म्हणाली, "तुम्ही एवढे धावून रायले होते, म्हणून मी बोललो नाही. मले तिथं कायमचं राहाचं नाही. पण लेकीचं घर पाहाचं आहे. तिच्या दोन्ही बाळंतपणात मी नव्हतो, ते मनात राहून गेलं. सोळा ऑक्टोबर झाला की जातो."

तेव्हा आमच्या डोक्यात प्रकाश पडला की पाहुणी म्हणून जाण्याचा साधा व्हिसाही असतो आणि आधी विचारले असते तर तोच मागितला असता. कायमच्या व्हिसावर जाणाऱ्याला तिकडेच घर करावे लागते. एक वर्षाहून अधिक काळ बाहेर राहिले तर ते कार्ड धोक्यात येते. वरचेवर लांब मुदतीसाठी परत आले तरी विचारणा होते. आणि एकदा कायमचा अर्ज चालू असला म्हणजे पाहुण्याचा व्हिसा मिळणे अवघड होते, कारण हा माणूस परत येणार नाही असा संशय येतो. आम्ही मोठे दार ठोठावत बसलो आणि तिला हवी होती ती लहान खिडकी!

दीक्षाभूमीवरचा सोळा ऑक्टोबरचा सोहळा पाहून आई २०२४ च्या त्याच महिन्यात गेली. नातवंडांनी तिला बर्फ दाखवला, तिने त्यांना तांदळाच्या पिठाची भाकर शिकवली. दोन्ही नातवांना तिने जवळ बसवून तेल लावले. ताई म्हणाली, "बाळंतपणातले राहिलेले आईने वीस वर्षांनी फेडले." एप्रिलमध्ये १४ तारखेच्या आत ती परत आली. पुढे काय करायचे हे कोणी तिला सांगितले नाही. महिनाभर विचार करून तिने सांगितले की कार्ड परत करायचे. त्याचाही फॉर्म असतो, तो भरला. ताई पहिल्यांदा रुसली, मग समजली. आता पुढच्या वेळी पाहुणी म्हणून अर्ज करायचा असे ठरले आहे. मिळेल की नाही हे त्या वेळचा अधिकारी ठरवील.

मग तीन वर्षे वाया गेली का? आम्हांला तसे वाटत नाही. आईला सगळ्या कागदांवर एक नाव मिळाले. मावशीची साक्ष लिहून झाली. पण हे सर्व आधीच झाले असते तर किती बरे झाले असते, म्हणून काही गोष्टी हात जोडून सांगाव्याशा वाटतात.

घरात मूल जन्मले की नोंद वेळेत करा आणि त्यात मुलाचे नावही घाला. नुसते 'मुलगा' 'मुलगी' ठेवू नका. आईचे नाव आधार कार्डावर आहे तसेच्या तसे लिहा. १ ऑक्टोबर २०२३ पासून कायदा बदलला आहे. त्या तारखेपासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळा, पासपोर्ट, आधार या सर्वांना जन्माचा दाखला हाच मुख्य कागद आहे. लग्नाची नोंद करा. म्हाताऱ्या माणसांची नावे आणि तारखा सगळ्या कागदांवर जुळतात का ते पाहा. जुळत नसतील तर काम पडायची वाट पाहू नका. गावी जी म्हातारी आत्या, मावशी, काकू आहे, जिला घरातले जन्म-मृत्यू तोंडपाठ आहेत, तिच्याकडे वही घेऊन बसा. परदेशचे काम करून देतो म्हणणाऱ्या दलालाला पैसे देऊ नका. फॉर्म फुकट मिळतात आणि फी थेट सरकारला जाते. आणि सर्वांत आधी, ज्या माणसासाठी हे सगळे करायचे त्याला जवळ बसवून विचारा की बाबा, आई, तुम्हांला काय हवे आहे?

कोतवाल बुकाच्या त्या पानाची झेरॉक्स आमच्या घरी आहे. १९४९ च्या नोंदीपुढे आम्ही पेनाने आईचे नाव लिहिले. १९४५ पुढे मावशीचे. १९४७ पुढे काय लिहावे हे आईला विचारले. ती म्हणाली, "तुम्हीच ठेवा काहीतरी. भाच्यांनी नाव ठेवलं म्हणून काय झालं?" ते नाव आम्ही घरातल्या मुलींना सुचवायला सांगितले आहे.